किती वाजेपर्यंत

कॉन्सेप्सिओनच्या विद्यापीठात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली
मी फॉर्म घेऊन उभी असते.
दोनशे भरून घ्यायचेत, एकशे अकरा झालेत.
पोषणशास्त्र, चौथं वर्ष.
नाव यानिरा, पण ते फॉर्मवर नाही.

प्रश्न सहावा: पाकिटामागचा तक्ता वाचता का?
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
मुलं "कधीकधी"वर खूण करतात
आणि हातातलं पाकीट हळूच पाठीमागे नेतात,
कॉपी करताना सापडल्यासारखं.

प्रश्न नववा: एक वाटा म्हणजे किती?
बिस्किटं तीन. पाकिटात वाटे साडेचार.
"यातला अर्धा माणूस कोण?"
इंजिनिअरिंगच्या एका पोराने विचारलं.
मला हसू आलं, उत्तर आलं नाही.
खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही वाटायचं
की शंभर ग्रॅमचा रकाना म्हणजे अख्खं पाकीट.
हे मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलेलं नाही.

एकशे बारावी रोसेन्दा.
वीसपैकी वीस. आजवर एकटीच.
सोडियम, साखर, संपृक्त चरबी, सगळं तोंडपाठ,
एखाद्याला गावाकडच्या शेवटच्या बसची वेळ असते तसं.
दह्याचा डबा न बघता आकडा सांगते:
एकशे चार. हे अठ्ठ्याऐंशी. ते त्रेसष्ट.
मी लिहिलं, समज: उत्तम.
मग तिने जेवणाचा डबा उघडला.
काकडी. तीही मोजून सात चकत्या.
हात उचलला तसं मनगटावरचं घड्याळ
घसरत कोपरापर्यंत गेलं,
आणि तिने ते सवयीने परत खाली ओढलं.

नंतर बाल्तासार.
लेबूचा. वडील मासेमारीच्या बोटीवर.
हा रात्री गोदामात खोकी उचलतो,
सकाळी आठला बीजगणिताच्या तासाला
पहिल्या बाकावर बसतो, म्हणजे झोप लागत नाही.

प्रश्न बारावा: पाकिटावरचा काळा अष्टकोन पाहून
तुमची खरेदी बदलते का?
"हो," म्हणाला. "लगेच."
मी खूण केली. मनात म्हटलं, चला,
कायदा कुणाच्या तरी कामी आला.

"लांबूनच दिसतो ना तो.
साखर जास्त, कॅलरी जास्त, दोन शिक्के असले की उचलायचं.
तीन असले तर सोनंच.
मग मागचा तक्ता. कॅलरी भागिले पेसो.
साडेतीनशेत सहाशे मिळतात या वेफरमध्ये.
याच्या वर काही नाही,
नुसती साखर फाकली तरच."

भागाकार बरोबर होता. मी दोनदा करून पाहिला.

खूण खोडू का?
पण "हो" तर खरंच आहे.
डिसेंबरात माझा आलेख होईल:
चिन्हाचा परिणाम, इतके इतके टक्के,
आणि त्या उंच निळ्या खांबात
हाही उभा असेल, वेफर खात.

जाताना त्याने फॉर्म उलटून पाहिला,
पाकीट पाहावं तसा. मागे कोरा.
"कितीजणांना पुरेल ते छापतात," म्हणाला.
"किती वाजेपर्यंत पुरेल, ते का नाही छापत?"
आणि गेला, उत्तरासाठी थांबला नाही.
त्याची बस होती.

फाटकापाशी एर्सिलियाबाईंची गाडी.
भोपळ्याची सोपाइपिया, कढईतून थेट कागदात,
वर मोहरीची एक रेघ.
मी सवयीने उलटी करून पाहिली.
"काय शोधतेस पोरी? पीठ, भोपळा, डुकराची चरबी.
आणि सकाळी काय खाल्लंस?"
कागद तेलाने पारदर्शक झाला होता,
त्यातून माझीच बोटं दिसत होती.

पावणेदोन वाजले होते.
एकशे तेराव्या फॉर्ममागे पेन्सिलीने तेवढं लिहिलं,
आणि त्याखाली, वाचनालयातून परतताना,
पोट पुन्हा बोललं तेव्हा:
पाच वाजून दहा मिनिटं.